थावरूचा ट्रॅक्टर

तो ट्रॅक्टर माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण घाटंजीच्या बाजारात अजूनही एखादा म्हातारा भेटतो आणि विचारतो, "शेठ, थावरूचा ट्रॅक्टर मंग इकला काय हो?" मी हातातला चहा खाली ठेवतो आणि म्हणतो, "माझा. माझा ट्रॅक्टर." तो मान हलवतो. "हो हो, तोच. थावरूचा."

लिलावात बोली मी लावली होती. एका सरकारी धरणाचं काम संपलं होतं आणि तिथलं जुनं सामान विकायला काढलं होतं. दिवसभर उन्हात उभा राहून, दोन मोठ्या आसामींना दमवून मी तो घेतला. लाल रंग उडून गेला होता, सीटची गादी फाटली होती, पण पुढे दोन लोखंडी बाहू होते आणि त्यांना खाटेएवढं रुंद सुपडं होतं. माती उचलायचं, भरायचं, ओतायचं. आमच्या भागात साधा ट्रॅक्टर आला तरी लोक बांधावर येऊन उभे राहत, असे ते दिवस होते. सुपड्याचा तर कोणी पाहिलाच नव्हता. मी लहानपणी डोक्यावर गवताचे भारे वाहून बाजारात विकलेले आहेत. शाळा पाहिली ती बाहेरून. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. त्यामुळे एखादी वस्तू घेतली की ती माझी झाली, एवढं मला पक्कं कळतं. लोकांना का कळत नाही, ते मला आजवर समजलेलं नाही.

लिलाव चालू असताना थावरू आडे त्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. उंच, काटकुळा, कानात चांदीच्या बाळ्या, डोक्याला गुलाबी पागोटं. धरणावर तो हेच मशीन चालवत असे. व्यवहार झाल्यावर माझ्या माणसानं हँडल मारमारून घाम काढला, मशीन ढिम्म. मग थावरू उठला, टरफलं खिशात टाकली, बॉनेटवर थाप मारली, खाली वाकून काहीतरी केलं आणि एका हँडलमध्ये ट्रॅक्टर धडधडला. डिझेलचा कॉक यानंच आधी बंद करून ठेवला असेल, असा माझा तेव्हापासूनचा संशय आहे. पुरावा नाही.

मी त्याला पगार सांगितला. मी पहिल्यांदा जे सांगतो ते सांगण्यासाठी नसतंच. समोरच्यानं कपाळाला हात लावायचा, मग मी थोडं वर चढायचं, अशी रीत आहे. थावरू पहिल्याच आकड्याला "बरं" म्हणाला. घरी येईपर्यंत मला चैन पडलं नाही. आपण जास्त बोललो की काय!

"पन एक बात हाये शेठ," तो म्हणाला. "या सीटवर दुसरा कोनी बसन नाई."

"मालक?"

"मालक बी नाई."

मी हसलो. मला वाटलं, बोलतो आहे.

थावरू महागावकडच्या एका तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरत. ते सगळं त्यानं पाहिलेलं नव्हतं, पण सांगायचा असं की कालच घाट उतरून आला आहे. तांड्याच्या पुढे एक बैल चाले. त्याच्या पाठीवर कधी ओझं टाकत नसत. गळ्यात घुंगरू, शिंगांना लाल फुंदे. तो जिथे बसेल तिथे तांडा उतरायचा. सावली असो, नसो; पाणी जवळ असो, लांब असो. त्याला कोणी काठी लावायची नाही. मग थावरूनं माझ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीला घुंगरांची माळ बांधली. बॉनेटवर एक हात-आरसा ठोकला. मला वाटलं मागचा रस्ता पाहायला असेल. तो त्यात मिशा पाहायचा.

पावसात भिजलं की पागोटं सोडून धुराड्याच्या नळीला गुंडाळायचा आणि वाळलं की पुन्हा बांधायचा, त्यामुळे जवळ आला की डिझेलचा वास यायचा. इंजिनावर मक्याची कणसं भाजायचा. एक मला द्यायचा. माझ्या डिझेलवर भाजलेलं कणीस हा माणूस मला उपकार केल्यासारखं देतो, हे मला दर वेळी खटकायचं. आणि कणीस चांगलं लागायचं.

कामाला उशिरा यायचा. कधी वेळेवर आला तर लोक तब्येत विचारायचे. मी आवाज चढवला की तो शांतपणे पूर्ण ऐकायचा आणि म्हणायचा, "झालं काय शेठ? मंग निघतो." माझी बायको परक्या माणसाशी कधी बोलत नसे. याने पहिल्याच दिवशी तिला "याडी" अशी हाक मारली. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती त्याच्याहून लहान. ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, माझ्या कुठल्या बोलण्यावर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही. त्या दिवसापासून त्याच्या भाकरीवर ठेच्याबरोबर लोण्याचा गोळा असायचा.

"माझ्या भाकरीवर काहून नाई?" मी विचारलं.

"तुमाले पित्त होते ना," ती म्हणाली.

ट्रॅक्टर पहिल्यांदा फसला तो रस्त्याच्या कामावर. मुरूम वाहून नेत होतो. दोन दिवस पाऊस लागून गेला होता आणि आमची काळी माती भिजली की काय होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. चप्पल घातलेला माणूस अनवाणी बाहेर येतो. नाल्याच्या कडेला मागचं मोठं चाक अर्धं आत गेलं. मागे भरलेली ट्रॉली, पुढे भरलेलं सुपडं.

"मार! जोर मार!" मी ओरडलो.

थावरूनं इंजिन बंद केलं. खाली उतरला, बांधावर बसला आणि तंबाखू मळायला लागला.

"अरे बसला काय?"

"मी नाई, तो बसला हाये. बसू द्या थोडा."

माझ्या डोक्यात जाळ झाला. मजूर काम सोडून बघत होते, शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. त्यानं तंबाखू तोंडात टाकली, एक फावडं घेतलं आणि चाकाभोवतीचं पाणी निघून जावं म्हणून नाल्याकडे बारीक चर काढला. ट्रॉलीची पिन काढून ती मोकळी केली आणि मजुरांकडून मागे ढकलवून घेतली. मग चढला, मशीन चालू केलं आणि सुपड्यातला मुरूम, माझा मुरूम, बाजूला ओतून टाकला.

पुढचं जे त्यानं केलं ते मी नंतर मनात इतक्या वेळा केलेलं आहे की डोळे मिटून सांगू शकतो. सीटजवळच्या दोन दांड्यांपैकी एक ढकलून त्यानं सुपडं जमिनीला टेकवलं आणि खाली दाबलं. तशी ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं चिखलातून वर उचलली गेली. बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग होता. कापसाची ती वाळलेली झाडं मजुरांनी मोळ्या मोळ्यांनी आणून पुढच्या चाकांखाली टाकली, मागच्या चाकांच्या मागे कोंबली. मग त्यानं सुपड्याचं तोंड खाली वळवलं, लोखंडी ओठ जमिनीत रोवला आणि उलटा गियर टाकून, हळूहळू दुसरा दांडा ओढत सुपडं वर वळवू लागला. ओठ जमिनीत रुतलेला, जमीन काही सरकत नाही, म्हणून ट्रॅक्टर मागे सरकला. वीतभर. पुन्हा सुपडं उचललं, पुन्हा रोवलं, पुन्हा वळवलं. म्हातारा काठी टेकून मागे मागे सरावा तसा माझा ट्रॅक्टर चिखलातून निघाला. घुंगरू वाजत होते.

बायांनी हसून टाळ्या वाजवल्या. एक जण ओरडली, "वा रे थावरूभाऊ, त्याले तं हातच हायेत!" घरी पोचेपर्यंत ही गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. त्या दिवशी त्याच्या भाकरीवर लोण्याचे दोन गोळे होते.

त्यानंतर आसपासच्या गावांत कोणाची गाडी फसली, विहिरीत दरड पडली, रस्त्यात झाड आडवं झालं की माणसं थावरूला शोधत यायची. माझ्याकडे यायची ती त्याचा पत्ता विचारायला. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती होती. दीक्षा घेऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली असतील. विहारासाठी त्यांनी एक उंचसखल जागा धरली होती आणि घमेली-फावड्यांनी सपाट करत होते. एका सुटीच्या दिवशी थावरू न विचारता ट्रॅक्टर घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत जागा पाटीसारखी करून दिली.

मी तणतणत तिकडे गेलो. वस्तीतले सुदाम गुरुजी पुढे आले आणि म्हणाले, "या शेठ, बरं झालं आले. थावरूभाऊले हार घालायचा होता, तुमच्याच हातानं घाला."

आता मी काय करणार होतो? जमलेल्या सगळ्या माणसांसमोर, माझ्या ट्रॅक्टरपुढे, माझं डिझेल जाळलेल्या माणसाच्या गळ्यात मी हार घातला. तो वाकून माझ्या कानात म्हणाला, "शेठ, तुमच्या नावानंच केलं." मी म्हणालो, "मग तसं त्यांना सांग की!" तर म्हणतो, "सांगतलं. त्याइले वाटलं मी लाजून राह्यलो."

असं चार वर्षं चाललं. तुटलं ते तलावाच्या कामावर.

गावच्या वरच्या बाजूला तलावाचा बांध बांधायचा होता. आतली माती उचलून बांधावर टाकायचं काम मी घासाघीस करून मिळवलं होतं. माझ्या आयुष्यातलं तोवरचं सगळ्यात मोठं काम. त्यासाठी राहतं घर सोडून बाकी सगळं मी अडकवलं होतं. बांध जवळजवळ पुरा झाला होता. एक दिवस मोठे साहेब पाहणीला आले. जीपमधून उतरले. मी इस्त्रीचं धोतर नेसून, नमस्कारासाठी हात जोडून उभा. साहेब माझ्यासमोरून गेले आणि थावरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय, तुझा ट्रॅक्टर काय म्हणतो?"

"मस्त हाये साहेब," थावरू म्हणाला.

एवढंच. "माझा नाही, शेठचा" हे शब्द काही जड नव्हते. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी थांबलो, आणि मग जे तोंडात येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, "तुझ्या बापानं कधी ट्रॅक्टर पाह्यला होता काय रे?"

"नाई शेठ," तो म्हणाला. "तुमच्या बी नाई."

"उतर खाली."

तो उतरला. आरशात पाहून पागोटं नीट केलं, तंबाखूची चंची घेतली आणि तांड्याच्या वाटेला लागला. घुंगरू आणि आरसा तसेच ठेवून गेला. मी सीटवर बसलो.

मला चालवता येत होतं. चार वर्षं मी नुसता ओरडत नव्हतो, बघतही होतो. पुढचे काही दिवस मी स्वतः माती उचलली आणि चांगली उचलली. लोक येता-जाता पाहायचे आणि विचारायचे, "थावरू आजारी हाये काय?"

शेवटच्या काही खेपा राहिल्या होत्या. चार-पाच दिवसांपूर्वी एक सर पडून गेली होती, पण तलावाच्या तळाला वरून ऊन खाऊन खपली धरली होती. भेगा पडलेली, पांढुरकी, दिसायला टणक. मी खोलात गेलो. सुपडं भरलं, उचललं आणि वळताना खपली फुटली. खाली नुसता गाळ. मी जोर मारला. चाकं जागच्या जागी फिरली आणि ट्रॅक्टर पोटावर बसला.

तेवढ्यात डोंगराकडे आभाळ भरून आलं. तिकडे पाऊस सुरू झाल्याचं इथून दिसत होतं. नाला यायला किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत होतं, आणि बांधाचं तोंड आम्हीच बंद केलेलं होतं. पाणी आलं की ते इथेच साठणार होतं, माझ्या ट्रॅक्टरवर.

गाडी फसली की बैल जुंपायचे, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे. शेतातून येतील तेवढ्या जोड्या आल्या. साखळदंड सुपड्याच्या बाहूंना बांधले. प्रत्येक जण आपापल्या जोडीला आपापल्या वेळेला हाकू लागला. एक जोडी ओढते तेव्हा दुसरी दम खाते. बैल गुडघ्यांपर्यंत रुतले. एका बैलानं फेस टाकला. साखळी तुटून सटकन माझ्या कानाजवळून गेली. ट्रॅक्टर होता तिथेच. नाल्याचं गढूळ पाणी, काटक्या आणि पालापाचोळा घेऊन, तलावाच्या वरच्या टोकाला दिसायला लागलं होतं.

"थावरूले बोलवा," कोणीतरी म्हणालं.

"खबरदार कोणी गेलं तर!" मी ओरडलो.

तो आधीच बांधावर बसलेला होता. बायकोनं सकाळी आभाळ पाहूनच तांड्यावर निरोप धाडला होता, हे मला नंतर कळलं.

मी चिखल तुडवत वर गेलो. जाताना मनात ठरवलं होतं, हा अडवून मागेल. किती मागेल, मी कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं. "बोल," मी म्हणालो, "काय घेशील?"

"आधी बैल सोडा," तो म्हणाला. "मुक्या जनावराले कायले मारून राह्यले?"

बैल सोडले. तो खाली आला, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. मी त्याच्यासाठी सीट मोकळी सोडून बाजूला उभा राहिलो तर म्हणाला, "तुमी बसा. मी नाई बसत."

"म्हणजे?"

"आमच्या तांड्यात दुसऱ्याच्या बसलेल्या बैलाले हात लावत नाई. ज्यानं हाकलला, त्यानंच उठवायचा. दुसऱ्यानं वाट सांगाची."

"थावरू, पाणी येऊन राह्यलं!"

"दिसते मले. मशीन बंद करा."

"बंद?"

"दम घेऊ द्या."

"मशीनले कसला आला दम?"

"मशीनचा नाई म्हनत मी. तुमचा म्हनून राह्यलो."

मी सीटवर चढलो. मी इंजिन बंद केलं. त्यानं जवळच्या वावरातून पऱ्हाट्या मागवल्या आणि स्वतः छातीपर्यंत गाळात वाकून चाकांमागे कोंबल्या. मग ट्रॅक्टरच्या पुढे, थोडा बाजूला, मला दिसेल असा उभा राहिला आणि उजवा हात वर केला. तळवा खाली झाला: सुपडं दाब. मी दाबलं. पुढची चाकं सुटली, माणसांनी खाली मोळ्या सारल्या. बोटं जमिनीकडे झाली: ओठ रोव. मी रोवला. मग त्याचं मनगट हळूहळू वर वळलं, भाकरी उलटावी तसं. मी दांडा ओढला. एकदम ओढला, सुपडं नुसतंच गाळातून घसरलं. त्यानं मान हलवली. रागावला नाही, ओरडला नाही. हात पुन्हा खाली, पुन्हा मनगट. या वेळी मी दांडा त्याच्या मनगटाएवढाच हलवला. ट्रॅक्टर मागे सरकला.

पाणी पुढच्या चाकांना लागलं, मग सुपड्यावरून वाहायला लागलं. मी पाण्याकडे पाहिलं नाही. त्या हाताशिवाय मी कशाकडेच पाहिलं नाही. रोवलं, वळवलं, उचललं. मागची चाकं मुरमाला लागली, तेव्हा एक मोठा हिसका बसला आणि ट्रॅक्टर बांधाच्या उतारावर चढला. थावरू कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

लोक धावले. "थावरूनं काढला रे! थावरूनं काढला!" त्याला हाताला धरून वर ओढलं, कोणी पाठीवर थापा मारल्या, कोणी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मी सीटवर होतो. दोन्ही दांडे माझ्या हातात होते. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

"अरे, दांडे मी ओढले!" मी म्हणालो.

"हो ना शेठ," कामावरचा मुकादम म्हणाला, "पन सांगतलं कोनं?"

थावरूची चंची भिजली होती. त्यानं कोणाकडून तरी चिमूटभर तंबाखू घेतली आणि निघाला. मी त्याच्या मागे गेलो. अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. म्हणालो, "उद्या येशील काय कामाले?"

"कायले?" तो म्हणाला. "आता तो तुमचा झाला शेठ. बसवला तुमी, उठवला तुमी."

त्यात टोमणा होता का, हे मी कितीदा तरी तपासून पाहिलं आहे. मला सापडलेला नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

त्याचे घुंगरू मी दुसऱ्या दिवशी काढून टाकले. आठवडाभर लोकांनी विचारलं, "थावरूचा ट्रॅक्टर मुका काहून झाला?" मग मीच पुन्हा बांधले.

पुढे तलावाच्या कामात माझं बरं झालं. आणखी कामं मिळाली, जीप आली. थावरू तांड्यावर आपली कोरडवाहू जमीन कसायला लागला असं ऐकत होतो. त्याच्याकडे जायचं मी ठरवलं नाही. जायचं नाही असंही ठरवलं नव्हतं.

शेवटचा दिसला तो घाटंजीच्या रस्त्यावर. पावसाळा सरत आला होता. एका नव्या बागायतदाराचा नवाकोरा सुपड्याचा ट्रॅक्टर रस्त्याच्या खाली वावरात फसला होता. माणसं जमली होती, बैलांच्या दोन जोड्या जुंपलेल्या होत्या. मी जीप थांबवली. बांधावर पागोटं दिसलं. गुलाबी रंग फिका पडला होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तो तंबाखू मळत होता.

"थावरूबापू, सांगा ना काहीतरी," तो बागायतदार अजिजीनं म्हणत होता.

थावरूनं मान वर केली. मला पाहिलं. "मले कायले विचारता?" तो म्हणाला. "शेठले विचारा. तलावातून ट्रॅक्टर त्याइनं काढला होता. हात त्याइचेच होते."

सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले. मग हसले. एकदम, मोकळेपणानं, चांगली थट्टा ऐकल्यावर हसतात तसे. बागायतदारही हसला. "बापू, तुमी तं कमालच करता!"

"खरं आहे ते!" मी म्हणालो. "मीच काढला होता!"

तसे ते आणखी हसले. थावरू हसत नव्हता. तो माझ्याकडे सरळ पाहत होता, आणि आपण जे द्यायचं ते दिलं, आता आपल्याकडे काही नाही, अशा माणसाचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा होता.

मी जीपमध्ये येऊन बसलो. खाली बैल सोडले जात होते. बागायतदार सीटवर चढला होता आणि थावरू उठून ट्रॅक्टरच्या पुढे, थोडा बाजूला, जाऊन उभा राहिला होता. त्यानं उजवा हात वर केला. तळवा खाली झाला. बोटं जमिनीकडे गेली. मग ते मनगट हळूहळू वर वळलं.

बागायतदारानं दांडा एकदम ओढला. सुपडं घसरलं.

माझा हात गुडघ्यावर होता. तो आपोआप वळला होता, हळू, जेवढा हवा तेवढाच. कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणालो, "चल."